होंडा सिटी व्हीटेकला 4-2-1 हेडर: पाईप केवढा घ्यायचा ते आधी वाचा

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. जुनी सिटी, टाईप टू, 1.5 ओएचसी व्हीटेक, कंपनीच्या कागदावर 106 बीएचपी. इंजिन आतून स्टॉक (कंपनीने दिलं तसंच), कॅम (वाल्व्ह उघडणारा दांडा) स्टॉक, हेडला (इंजिनचा वाल्व्हवाला वरचा भाग) हात लावलेला नाही, फक्त चांगला एअर फिल्टर आणि मागचा सायलेन्सर बदललेला. गाडी रोजची आहे, म्हणजे सिंहगड रोडचं ट्रॅफिक पण खाते आणि रविवारी पहाटे ताम्हिणी पण करते. रिव्ह्यू आहे पुण्यातल्या एका फॅब्रिकेटर काकांनी बनवून दिलेल्या स्टेनलेसच्या 4-2-1 हेडरचा. हेडर म्हणजे सिलिंडरमधला जळका गॅस बाहेर नेणारे पाईप, आणि 4-2-1 म्हणजे चार पाईप आधी दोनात आणि मग दोनाचे एकात जोडलेले. दुकानाला पाटी नाही, भोसरीत एका गाळ्यात मागच्या बाजूला बसतात, त्यांना फुकटची गर्दी नकोय म्हणून नाव इथे टाकत नाही.

आता थेट मुद्दा. काकांकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं विचारतील बजेट किती, आवाज कसा पाहिजे, वगैरे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठल्या आरपीएमला चालवतोस?" मी म्हटलं काका रेसिंग हेडर पाहिजे, तर म्हणाले ते सोड, रोज कुठे असतो काटा ते सांग. मी सांगितलं गावात अडीच ते साडेतीन, घाटात साडेचार ते साडेसहा. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं आणि म्हणाले दीड इंची ट्यूब, पुढे पावणेदोन, शेवटी दोन इंच, यापेक्षा मोठं मी लावणार नाही, पाहिजे तर दुसरीकडे जा. खरं सांगतो, या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देतो, कारण बाकी जिथे जिथे विचारलं होतं तिथे सगळे "भाई मोठा पाईप टाकू, खुल के साँस लेगी गाडी" याच्या पुढे जात नव्हते.

ते वहीतलं गणित मी उतरवून घेतलं, ते इथे देतो कारण सगळ्यांना कामाला येईल. हे काही त्यांचं गुपित नाही, हेडर बनवणाऱ्यांमधलं जुनं ठोकताळ्याचं सूत्र आहे, मूळ इंचात असतं, आपल्या मिलिमीटरमध्ये आणलं तर असं होतं: एका सिलिंडरचे सीसी गुणिले ज्या आरपीएमला टॉर्कचा जोर पाहिजे ते आरपीएम, भागिले 2240, जे उत्तर येईल ते पाईपच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. सिटीचं इंजिन 1493 सीसी, म्हणजे एक सिलिंडर 373. आता दीड इंची ट्यूब म्हणजे बाहेरून 38.1, जाडी 1.5 धरली तर आतून 35.1, क्षेत्रफळ साधारण 967. उलटं गणित केलं की 5800 आरपीएम येतात. इंच पाच सूत घेतली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे 41.3 ची, तर 6900. आणि पावणेदोन इंची, 44.4 ची, तर 8100.

8100! ज्या इंजिनची लाल रेष, म्हणजे फिरायची वरची मर्यादा, सात हजारांच्या आसपास आहे त्याला पाईप लावायचा 8100 ला टॉर्क देणारा. आणि हे मी हवेत बोलत नाहीये, माझा मित्र सम्या, त्याची गाडी सेम टू सेम माझ्यासारखी, त्याच्यावर 44 चं रेडिमेड 4-1 हेडर आहे, ऑनलाईन बाहेरून मागवलेलं, ब्रँड बिंड काही नाही, खोक्यावर फक्त "परफॉर्मन्स" लिहिलेलं. त्याला आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरायचंय, म्हणून त्याचा हिशोब वेगळा, ते पुढे येईलच.

अजून एक गंमत बघा. मस्टँग जीटी, आपल्याकडे 2016 ला आली ती 5 लिटर व्ही8, तिला अमेरिकेत जे लाँगट्यूब हेडर विकले जातात त्यात पावणेदोन इंची एकदम कॉमन साईज आहे, आणि दुसरी इंच सात सूत. मस्टँगचा एक सिलिंडर 619 सीसीचा. म्हणजे सम्याच्या 373 सीसीच्या सिलिंडरला तोच पाईप लागलाय जो तिकडे 619 सीसीला लावतात. हे मी त्याला दाखवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला मग माझी गाडी पण मस्टँगच झाली ना. आता काय बोलणार.

बरं आता हे सगळं का होतं. एक्झॉस्ट म्हणजे नुसता धूर बाहेर काढायचा पाईप असं डोक्यात असेल तर मोठा पाईप चांगला हे बरोबर वाटणारच. पण गॅस सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. एक्झॉस्ट वाल्व्ह उघडला की आतला दाब एकदम सुटतो, गॅसचा एक गोळाच पाईपात धावतो आणि तो धावताना आपल्या मागे दाब कमी करत जातो. एक्स्प्रेसवेवर मोठा कंटेनर शेजारून जोरात गेला की आपली गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी होते ना, त्यातलाच प्रकार. आता इंजिनात एक क्षण असा असतो की एक्झॉस्ट वाल्व्ह अजून पूर्ण मिटलेला नाही आणि इनटेक वाल्व्ह उघडायला लागलाय, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. नेमकं तेव्हा एक्झॉस्ट पाईपात दाब कमी असेल तर उरलासुरला जळका गॅस बाहेर ओढला जातो आणि त्याच्या मागोमाग ताजं मिश्रण आत खेचलं जातं, पिस्टनने खाली ओढायच्या आधीच. सिलिंडर जास्त भरला की टॉर्क जास्त. बस, हेडरची सगळी जादू एवढीच.

आता ही ओढ गॅसच्या वेगावर आहे. 38 च्या जागी 44 ची ट्यूब घेतली तर वाटतं सहा मिलिमीटरच तर वाढले, पण आतलं क्षेत्रफळ 967 वरून 1349 वर जातं, म्हणजे जवळजवळ 40 टक्के जास्त. तेवढाच गॅस 40 टक्के रुंद रस्त्याने जाणार म्हणजे वेग पाव हिश्शापेक्षा जास्त पडतो. खालच्या आरपीएमला मुळात गॅस कमी, त्यात पाईप रुंद, गोळा रेंगाळतो, मागे ओढच तयार होत नाही, उलट ओव्हरलॅपच्या वेळी जळका गॅस परत सिलिंडरात शिरतो. त्यामुळे अडीच हजाराला गाडी मेल्यासारखी वाटते. वरच्या आरपीएमला उलटं, गॅस इतका जास्त असतो की बारीक पाईप गळा धरतो, पिस्टनला गॅस ढकलून बाहेर काढायला ताकद खर्च करावी लागते, तिथे मोठा पाईप जिंकतो. म्हणून साईज म्हणजे जास्त पॉवर की कमी पॉवर असा प्रश्नच नाही, पॉवर कुठल्या आरपीएमला पाहिजे हा प्रश्न आहे. एका ठिकाणची काढून दुसरीकडे ठेवतो आपण.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे लांबी, ही लोक विसरतात. तो दाबाचा धक्का पाईपाच्या टोकाला, जिथे पाईप एकदम मोठा होतो तिथे पोचला की उलटा फिरतो, आणि फिरताना दाबाचा धक्का ओढीचा होऊन परत येतो. तो वाल्व्हपाशी बरोबर ओव्हरलॅपच्या वेळी पोचला तर मजा, चुकीच्या वेळी पोचला तर सजा. गरम गॅसमधून ही लाट सेकंदाला 500-600 मीटरने पळते, त्यामुळे लांब पाईप म्हणजे लाट उशिरा परत येते म्हणजे कमी आरपीएमला जुळते, आखूड पाईप म्हणजे जास्त आरपीएमला. व्यासाने किती वेग आणि लांबीने किती वाजता, असं धरा. रेडिमेड हेडरमध्ये बहुतेक वेळा लांबी इंजिन बेमध्ये बसेल तशी घेतलेली असते, कुठल्या गणिताने नाही, हे फोटो बघूनच कळतं, एक पाईप सरळ खाली आणि दुसरा फिरून फिरून.

4-2-1 का घेतलं तर त्याचं पण कारण आहे. चार सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. 1 आणि 4 एकत्र, 2 आणि 3 एकत्र जोडले की प्रत्येक जोडीत दोन ठोक्यांमध्ये क्रँकचा पूर्ण एक फेरा येतो, 360 डिग्री, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाल्व्हवर जाऊन आदळत नाही. मधल्या आरपीएमला त्याने पट्टा (ज्या आरपीएममध्ये जोर मिळतो तो भाग) रुंद मिळतो. 4-1 मध्ये चौघं एकाच ठिकाणी भेटतात, सगळं बरोबर जुळलं तर वरती तोच जास्त देतो, पण पट्टा अरुंद. माझदाने स्कायॲक्टिव्ह पेट्रोल इंजिनला 14:1 कॉम्प्रेशन दिलं तेव्हा नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) टाळायला हाच लांब 4-2-1 एक्झॉस्ट वापरला, कारण जळका गरम गॅस सिलिंडरात मागे राहिला की नॉकिंग वाढतं. म्हणजे ही काही फक्त रेसवाल्यांची हौस नाहीये, कंपन्या पण करतात. टोयोटा 86 वाल्यांचं पण तेच, त्या गाडीच्या टॉर्कमध्ये चार हजारांच्या आसपास जो खड्डा आहे तो भरायला लोक पहिल्यांदा हेडर आणि ट्यूनच (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) करतात.

चला आता काकांच्या मालावर येतो.

मटेरियल 304 स्टेनलेस, सगळे बेंड मँड्रेलवरचे, म्हणजे वळणात पाईप चेपलेला नाही. हे बघून घ्या कुठेही करून घेत असाल तर, सायलेन्सरवाल्यांकडे साध्या बेंडिंग मशिनवर वळवलेला पाईप वळणात चपटा होतो आणि मग तुम्ही साईजचं कितीही गणित करा, वळणात भोक बारीकच. फ्लँज, म्हणजे हेडला बोल्टने बसणारी जाड पट्टी, 10 मिमीची लेझर कटिंग केलेली. वेल्डिंग टिगचं, आणि आतून आर्गन सोडून केलेलं, मी टॉर्च मारून आत बघितलं, काळे दाणे नाहीत, स्वच्छ शिवण. वेल्ड करताना फ्लँज त्यांनी एका भंगारातल्या हेडला बोल्टने घट्ट आवळून ठेवली होती, नाहीतर उष्णतेने फ्लँज केळ्यासारखी वाकते आणि मग गॅस्केट महिन्यात फुंकतं. फ्लँजपाशी ट्यूबचं तोंड पोर्टपेक्षा (हेडमधल्या भोकापेक्षा) थोडं मोठं ठेवलंय, पायरी पडते तिथे. मी विचारलं हे जुळत नाही तर म्हणाले मुद्दाम आहे, बाहेर जाणाऱ्याला अडचण नाही आणि परत येणारा गॅस त्या पायरीला अडतो. उलटी पायरी, म्हणजे ट्यूब पोर्टपेक्षा बारीक, ती मात्र कधीच ठेवायची नाही.

आता एक लोच्या जो माझ्या ओळखीत दोघांचा झालाय, वेगवेगळ्या ठिकाणी. आपल्याकडे बरेच फॅब्रिकेटर ट्यूब न वापरता पाईप वापरतात, पाण्याच्या लाईनवाला स्टेनलेस पाईप, कारण त्याचे तयार एल्बो बाजारात मिळतात आणि स्वस्त पडतात. पाईपाचं माप एनबीमध्ये (नॉमिनल बोअर, म्हणजे नावापुरतं माप) असतं आणि ते नाव ना आतल्या मापाला जुळतं ना बाहेरच्या. सव्वा इंच एनबी म्हणजे बाहेरून 42.2, शेड्यूल 10 (पाईपाच्या जाडीचा प्रकार) असेल तर आतून 36.6. दीड इंच एनबी म्हणजे बाहेरून 48.3, आतून 42.7. आता तुम्ही इंटरनेटवर वाचून "दीड इंची प्रायमरी" (सिलिंडरपासून निघणारी पहिली ट्यूब) मागितली आणि त्याने दीड इंची एनबी लावली तर तुम्हाला 35 च्या जागी जवळजवळ 43 चं भोक मिळालं, म्हणजे सम्याच्या 44 च्या ट्यूबपेक्षा पण मोठं! आणि वरून जाडी 2.77 मिमी, हेडर उचलताना कंबर जाते. म्हणून मागताना नेहमी बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगा आणि घेताना व्हर्नियर लावून बघा. काकांनी तर व्हर्नियर स्वतःहून माझ्या हातात दिला.

फिटिंगला पूर्ण दिवस गेला. या होंडांमध्ये एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या तोंडाशी, तिथून पाईप खाली उतरून ऑइल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या) खालून मागे जातो. तिथेच आपल्या देशाचा प्रॉब्लेम, स्पीड ब्रेकर. 4-2-1 चा शेवटचा जोड बरोबर संपच्या खाली येतो आणि गाडी आधीच लोअर केलेली असेल तर विचारूच नका. काकांनी जोड थोडा मागे नेला आणि पाईप आडवे चिकटून घेतले, त्यामुळे स्टॉकपेक्षा फार खाली येत नाही, तरी चौघं बसून सोसायटीच्या गेटवरच्या त्या रबरी ब्रेकरवर एकदा खर्रकन आवाज आलाच. फ्लेक्स जॉइंट (लवचिक जोड) नवीन टाकला, तो टाकाच, इंजिन हलतं आणि स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं, फ्लेक्स नसेल तर फ्लँजपाशी क्रॅक जाणार हे लिहून घ्या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) मी काढलेला नाही. पीयूसी आहे, आणि तसंही मला पहाटे सोसायटीतल्या लोकांच्या शिव्या खायच्या नाहीत. काही जण विचारतील लीगल आहे का, तर सरळ सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल बघितला तर कंपनीने दिलेल्या गाडीत मूळ बदल करायला फार जागा उरत नाही. इन्शुरन्सवाल्याने कारण शोधायचं म्हटलं तर त्याला हे मिळेल. आवाजाबद्दल तर पुण्यात पोलिसांनी सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला सगळ्यांनी बघितलाय. ज्याने त्याने आपलं बघावं.

आता डायनो, म्हणजे गाडीची ताकद चाकावर मोजायचं मशिन. आम्ही एक काम चांगलं केलं, माझ्या एकाच गाडीवर आधी स्टॉक, मग काकांचं, मग सम्याचं 44 वालं उतरवून ते, असं एकाच दिवशी एकाच डायनोवर लावलं. गाडी तीच, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तोच, टायरमधली हवा तीच, इंजिन गार होऊ देऊन. वेगवेगळ्या दिवशीच्या किंवा वेगवेगळ्या डायनोच्या प्रिंट शेजारी ठेवून भांडणाऱ्यांना काही अर्थ नसतो, मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी वेगळे आकडे देते.

स्टॉकच्या तुलनेत काकांच्या 38 ने साडेतीन हजारापासूनच ग्राफ वर उचलला, मधल्या पट्ट्यात सहा-सात न्यूटन मीटर, वरती चाकावर पाच हॉर्सपॉवरच्या आसपास. ट्यून न करता. ऐकायला कमी वाटतं ना? साध्या इंजिनवर नुसत्या हेडरने 20-25 हॉर्सपॉवर मिळाले असं कोणी सांगत असेल तर त्याला डायनोची प्रिंट मागा. आणि सम्याच्या 44 च्या 4-1 ने काय केलं, तर साडेचार हजाराच्या खाली माझ्या स्टॉक मॅनिफोल्डपेक्षा (हेडरच्या जागी कंपनीने दिलेला भाग) पण खाली गेला, म्हणजे पैसे घालून गाडी हळू. 5800-6000 ला दोन्ही हेडरच्या रेषा एकमेकींना भेटल्या आणि त्याच्या वर 44 वालं पुढे गेलं, पण किती, तर एक-दोन हॉर्सपॉवर, जेवढा फरक त्याच हेडरच्या दोन रनमध्ये पडतो तेवढाच. रेडलाईनपर्यंत ग्राफ पडत नाही एवढं मात्र खरं, माझ्या हेडरचा साडेसहाच्या पुढे वाकायला लागतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हा फक्त साईजचा फरक नाही, एक 4-2-1 आहे आणि एक 4-1, लांबी वेगळी, जोडाचं काम वेगळं. 44 चं 4-2-1 असतं तर खाली थोडं कमी मेलं असतं. पण गणिताने जे सांगितलं त्याच बाजूला ग्राफ गेला, एवढं तर दिसतं.

आणि कमाल आकडा बघून फसू नका याचं कारण पण सांगतो. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. 5 न्यूटन मीटर 3000 ला वाढले तर प्रिंटवर 2 हॉर्सपॉवर दिसतात, तेच 5 न्यूटन मीटर 6500 ला वाढले तर साडेचार. म्हणून मोठ्या पाईपवाल्यांचा कमाल आकडा नेहमी देखणा येतो आणि सगळे तोच स्क्रीनशॉट टाकतात. पण चांदणी चौकातून वर चढताना तिसऱ्या गिअरला काटा तीन हजारावर असतो, तिथे कमाल आकडा काय कामाचा.

सम्याची बाजू पण घेतो, नाहीतर तो मला जेवायला बोलवायचा नाही. ड्रॅगमध्ये गाडी सुटल्यावर काटा पाच हजाराच्या खाली येतच नाही, त्याला खालचं काय करायचंय. त्यात त्याच्या डोक्यात मोठा कॅम आहे, हेडचं पोर्टिंग (आतली भोकं मोठी करणं) आहे, लिमिट आठ हजारावर न्यायची आहे. ते सगळं झालं तर ओव्हरलॅप वाढेल, हवा जास्त जाईल आणि मग मोठा पाईप जागेवर बसेल. तरी माझं मत असंच की त्याला सुद्धा इंच पाच सूत पुरली असती, 6900 चं गणित आहे तिचं. काकांचं पण तेच मत पडलं. आज स्टॉक कॅमवर 44 म्हणजे पुढच्या वर्षीच्या इंजिनचा पाईप ह्या वर्षीच्या इंजिनला.

चालवायला कशी झाली? पहिली गोष्ट म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये खंबाटकी चढताना दुसरा टाकावा लागत नाही जिथे आधी लागायचा. पेडलला उत्तर लवकर मिळतं. गाडी वरती फिरायला मोकळी झाली असं वाटतं पण ते अर्धं आवाजामुळे. आवाज खाली साधा, चार हजारांच्या वर थोडा कोरडा खरखरीत होतो, त्याची मला सवय झाली, बायकोला नाही. हायवेला घुमणारा आवाज वाढलेला नाही, तो मागच्या सायलेन्सरचा विषय असतो, हेडरला त्याचा दोष देऊ नका. मायलेजमध्ये फरक पडला असेल तर माझ्या उजव्या पायाने खाऊन टाकला.

कटकटी पण आहेत. उष्णता वाढलीय, बिडाचं जाड मॅनिफोल्ड आणि त्यावरचं कव्हर गेलं की पातळ ट्यूब बे तापवते, रेडिएटरचा फॅन आधीपेक्षा जास्त वेळा लागतो. काकांनी हीट शील्ड दिली नाही, मागितल्यावर "रॅप गुंडाळ" म्हणाले. रॅपने (पाईपाभोवती गुंडाळायची उष्णता अडवणारी पट्टी) गॅस गरम राहतो, वेग टिकतो, ते बरोबर आहे, पण पावसाळ्यात रॅप पाणी धरून ठेवतो. स्टेनलेसला चालून जाईल, साध्या लोखंडाच्या हेडरवर कोकणातल्या नाहीतर मुंबईच्या हवेत रॅप केलं तर आतल्या आत गंजून जाळी होईल. मी शेवटी पत्र्याची शील्ड वेगळी करून घेतली. ऑक्सिजन सेन्सर बसवायची जागा त्यांनी चारही पाईप एकत्र झाल्यावर ठेवली ते बरोबरच, चौघांचा गॅस तिथे मिळतो, पण इंजिनपासून लांब गेल्याने सेन्सरची वायर पुरेना, वाढवावी लागली. हे आधी सांगायला पाहिजे होतं. तुमच्या गाडीला हीटर नसलेला जुना एका वायरचा सेन्सर असेल तर तो इतक्या लांब नीट तापणारच नाही, हीटरवाला घ्या.

आणि वेळ! वेळेच्या बाबतीत काका म्हणजे काकाच. "मंगळवारी ये" म्हणाले, कुठल्या ते विचारायचं राहिलं. लाईट नव्हती, आर्गन संपला, गावची जत्रा आली, भाचीचं लग्न आलं. फोन उचलतात पण. कामात घाई नाही करत हे चांगलं आहे, पण गाडी एकच असेल तर तसा विचार करून जा, स्टॉक मॅनिफोल्ड लावूनच ठेवा, माप घेऊन झालं की गाडी परत आणा. बिल कच्चं. वॉरंटी तोंडी, "क्रॅक गेला तर आण".

खर्च 28 हजार, फिटिंग, गॅस्केट, नवीन स्टड आणि फ्लेक्स धरून. सम्याचं रेडिमेड याच्या निम्म्यात आलं होतं, पण त्याची फ्लँज सरळ नव्हती, ती घासून घ्यायला टर्नरकडे गेला, खालचा पाईप जुळत नव्हता तो कापून जोडला, हे सगळं धरलं तर फरक उरत नाही.

ट्यूनबद्दल दोन शब्द. सिलिंडर जास्त भरायला लागला की फुल थ्रॉटलला मिश्रण थोडं पातळ होऊ शकतं, कारण तेव्हा जुना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, आपल्या तक्त्यातला आकडाच घेतो. आमचं वाईडबँडवर (मिश्रण नेमकं मोजणारा सेन्सर) बघितलं तर काळजीसारखं नव्हतं, पण पुढे पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा जास्तीचा कॉम्प्युटर) टाकून नीट करणार आहे, त्यात अजून थोडं मिळेल. हेडर लावून कोणी सरळ ट्रॅकवर जाणार असेल तर आधी वाईडबँड लावून बघा एवढं करा.

ज्यांच्याकडे नवीन टर्बो गाड्या आहेत, पोलो 1.0 टीएसआय, व्हर्टस, स्लाव्हिया, किंवा इकोस्पोर्टचं 1.0 इकोबूस्ट, त्यांनी हेडर शोधत फिरू नका, त्या इंजिनांमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या कास्टिंगमध्येच आहे, चारी किंवा तिन्ही पोर्ट आतच एकत्र होऊन थेट टर्बोला जातात. बोल्ट काढून बदलायला काही बाहेर नाहीच. तुम्हाला डाऊनपाईप (टर्बोच्या मागचा पाईप) म्हणायचं असतं, आणि त्याचं गणित पूर्ण वेगळं आहे, टर्बोच्या मागे जितकं मोकळं तितकं बरं, तिथे मोठा पाईप हे बऱ्यापैकी खरं आहे. बहुतेक मला वाटतं हा मोठ्या पाईपचा गैरसमज तिकडूनच साध्या इंजिनवाल्यांकडे आला असावा.

काकांकडे जाणार असाल तर गाडी घेऊन जा, फोटोवरून ते काम घेत नाहीत. जाताना आपल्या कॅमची माहिती, इंजिनचे सीसी आणि लिमिट किती ठेवणार ते लिहून न्या, "भारी पॉवर पाहिजे" म्हणालात तर चहा पाजून परत पाठवतील. लावून झाल्यावर आठवडाभर चालवा आणि मग इंजिन पूर्ण गार असताना फ्लँजचे सगळे नट परत एकदा मधून बाहेर अशा क्रमाने आवळा, तापून-गार होऊन गॅस्केट बसतं आणि नट सैल पडतात, माझे कडेचे दोन्ही हाताने फिरत होते. स्टडला तांब्याचे नट घ्या, साधे नट जाम होतात आणि काढताना स्टड हेडमध्येच मोडतो, मग हेडर राहिलं बाजूला आणि हेड काढायचं काम निघतं.